माझ्या अंगातलं, तिच्या प्रबंधातलं

आमच्या ठाण्याच्या बाळकुमात पोरी आता काय काय शिकतात. कोणाची पोर दातांची डॉक्टर आहे, कोणाची वकील. एक तर विमानात नोकरीला असते, वर ती लोकांना चहा वाटते आणि खाली तिची आई गावभर तिची गोष्ट वाटत फिरते. मी कोणाला नावं ठेवत नाही. पण माझ्या नातीने, कल्पिताने, जे घेतलं ते आमच्याकडे कोणी घेतलेलं नव्हतं. ती तत्त्वज्ञान शिकते. त्यातही माणसाची जाणीव म्हणजे काय, आपण आहोत हे आपल्याला कसं कळतं, कैरी आंबट लागते म्हणजे आत नेमकं काय होतं, याचं शिक्षण. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिला त्यावर प्रबंध लिहायचा होता. फेनॉमेनॉलॉजी म्हणतात त्या विद्येला. मी तिसरीत शाळा सोडली, पण हा शब्द मी न अडखळता म्हणते. भाजीवाल्यासमोरसुद्धा म्हटलेला आहे.

तिने हे घेतलं तेव्हा माझ्या मुलाचं, प्रफुल्लचं, तोंड उतरलं. त्याच्या मनात तिने इंटेरियर करावं असं होतं. आमच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत, त्यातल्या फ्लॅटांना रंगबिंग सुचवायला घरचीच पोर झाली असती. सून हेमांगी म्हणाली, लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं? मी म्हटलं, मुलगी विचार करते असं लिहा, झेपेल तो येईल. विषय संपला. आमच्या घरात विषय मी संपवते.

पहिल्या वर्षी तिची फार मजा वाटायची. जेवताना हातात घास तसाच, नजर कालवणात.

"काय गो, मासा बिघडलाय का?"

"नाही आजी, वास येतो म्हणजे काय होतं ते बघतेय."

"होतंय काय, येतो. गिळ."

पण हसता हसता मी ऐकत होते. डोंबिवलीला तिला शिकवणाऱ्या संचिता मॅडम राहतात, त्यांच्याकडून आली की ती आधी माझ्या खोलीत येणार, पाय पसरून बसणार आणि दिवसभराचं सांगणार. हेमांगीला वाटायचं, पोर म्हातारीची करमणूक करते. करमणूक कसली, मी शिकत होते. तिच्या विद्येचा पहिला नियम असा, की एखादी गोष्ट खरी का खोटी हा वाद आधी बाजूला ठेवायचा. फेकून द्यायचा नाही, नुसता बाजूला, जसं पाहुणे आले की आपण घरातलं भांडण आतल्या खोलीत ठेवतो. मग ती गोष्ट आपल्याला कशी येते तेवढंच बघायचं, आणि आली तशी सांगायची. आपल्याला आवडेल तशी नाही, लोकांना हवी तशी नाही. मला वाटलं, यात काय शिकायचं. गावात हे एकालाही जमत नाही, हे मला पुढे कळलं.

आता माझ्याबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझ्या अंगात येतं. आमच्या गावदेवीचं वारं. आधी ते माझ्या सासूच्या, शेवंतीबाईंच्या अंगात यायचं, त्या गेल्या त्याच्या पुढच्या जत्रेला माझ्या अंगात आलं. देऊळ आमच्या टॉवरच्या आवारातच आहे. बिल्डरने सगळं पाडलं, देवळाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. आता एका बाजूला पोहायचा तलाव, दुसऱ्या बाजूला गाड्या, मधे आई. वैशाखात जत्रा असते. ढोल लागला, धूप फिरला की माझे केस आपोआप सुटतात, आणि मग सगळं गाव ओळीने पुढे येतं. मुलाला नोकरी लागेल का, हे घर घ्यावं का, हे दुखणं जाईल का. तोंड माझं, बोलणं आईचं. पालखी उठायच्या आधी देवीची पहिली ओटी मी भरायची, हा आमच्या घराचा मान. नगरसेवकाची बायको असली तरी माझ्या मागे.

याची एक रीत आहे. वारं उतरलं की बायका तोंडावर पाणी मारतात, लिंबू हुंगायला देतात आणि विचारतात, बाय, कुठं होतीस? तेव्हा म्हणायचं, मला काय ठाऊक नाय. सासूने मला तेच शिकवलं, तिला तिच्या सासूने. कारण साधं आहे. आई आत आली म्हणजे बाई बाहेर गेली पाहिजे. एका खुर्चीत दोघी कशा बसतील? ज्या बाईला आठवतं, तिने सोंग केलं. गावाचं गणित एवढंच आहे. निम्मे लोक पायावर डोकं ठेवतात, निम्मे पाठीमागे म्हणतात, म्हातारी नाटक चांगलं करते. दोन्ही प्रकारचे लोक मी जन्मभर पाहिले. तिसऱ्या प्रकारचं माणूस माझ्याच घरात जन्माला आलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर कल्पिता म्हणाली, आजी, मला प्रबंधासाठी तुझ्याशी बोलायचंय, वाऱ्याबद्दल. मी पदर खोचून बसले. म्हटलं, विचार काय ते. मनात ठरवलं होतं, खरं का खोटं असं विचारलंन तर उठून जायचं, नात असो नाहीतर जज्ज असो.

तिने ते विचारलंच नाही. तिने विचारलं, "गेल्या जत्रेला देवळाची फरशी तापली होती का गं?"

"तापली होती म्हणजे? तव्यासारखी. त्या प्रफुल्लला सांगून दमले, मांडव पुढे ओढ म्हणून."

"वारं आलेलं तेव्हाही भाजत होतं?"

"तेव्हा भाजत होतं, पण ते," मी म्हटलं, "ते भाजणं लांब होतं. पाय माझेच, पण शेजारणीच्या घरात दूध उतू गेल्याचं कळावं तसं कळत होतं."

आणि मग मी जीभ चावली. कारण इतकी वर्षं मी कुठे होते ते मला ठाऊक नाही असं सांगत आलेली बाई मी, पायाला काय झालं ते सांगत होते.

पोर हसली नाही. सापडलीस, असंही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. मला खूप बरं वाटलं ते त्याचंच. ती म्हणाली, आजी, तुला नको असेल तर आपण इथेच थांबू. मी म्हटलं, थांबायला मी काय घाबरते कोणाला? विचार पुढे.

मग मी बोलले. दुपारची चहाची वेळ टळून गेली तरी बोलत होते. ढोल आधी कानात असतो, मग पोटात उतरतो, आणि एकदा पोटात उतरला की कानाला ऐकू येत नाही. हात जड होतात, भिजलेल्या घोंगडीसारखे, आणि तेच हात वर जातात तेव्हा त्यांना काही वजनच नसतं. तोंडातून आवाज निघतो तो मी ऐकते. पुढचा शब्द काय येणार मला ठाऊक नसतं, पण आला की ओळखीचा वाटतो. समोर प्रफुल्लचा निळा शर्ट दिसतो, त्याचं बटण तुटलंय हेही दिसतं, ते शिवायला हवं असंही मनात येतं, आणि त्याच वेळी तोंड कोणाला तरी सांगत असतं की तुझ्या घरावरची पीडा टळेल. मी कुठे जात नाही. लग्नात करवली असते ना, नवरीच्या मागे उभी, कलश धरून? सगळं तिला दिसतं, सगळं ऐकू येतं, पण लग्न तिचं नसतं. तशी मी मागे सरते.

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. राघो जन्मभर मिठागरात राबला, शहाणा माणूस होता, पण त्यानेही कधी विचारलं नाही. त्या वेळी तो माझ्याकडे बघायचाच नाही, खाली बघून हात जोडायचा.

कल्पिताने शेवटी विचारलं, "हे लिहू?"

म्हटलं, लिही. तुझ्या युनिवर्सिटीत बाळकुमचं कोण बसलंय वाचायला?

ते पान तिने लिहिलं. संचिता मॅडमना दाखवलं. मॅडम त्या दिवशी आमच्या घरी जेवायला आल्या, मासे खात नाहीत म्हणून हेमांगीने वालाचं बिरडं केलं होतं. हात धुता धुता त्या मला म्हणाल्या, आजी, मोठमोठी पुस्तकं ज्या गोष्टीवर अडतात ती तुमच्या नातीने त्या पानात नीट धरली आहे, बाकी सगळा प्रबंध त्या पानावर उभा आहे. मी म्हटलं, आहेच ती तशी. लाजून नको नको म्हणायची पद्धत आमच्यात नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझ्या मुलाने फ्लेक्स लावला.

आमच्याकडे कोणाचं काही चांगलं झालं की नाक्यावर फ्लेक्स लागतो. वाढदिवस, बारसं, नवी गाडी, सगळ्याला. माणसापेक्षा फ्लेक्स मोठा. प्रफुल्लने कधी तरी कल्पिताला फोनवर बोलताना ऐकलं की प्रबंध आजीच्या वाऱ्यावर आहे. अजून प्रबंध दिलेला नव्हता, परीक्षा झालेली नव्हती, एम.ए. पूर्ण नव्हतं. पण बापाचा ऊर भरून आला, त्याला कोण अडवणार? एके सकाळी नाक्यावर अख्खी इमारत झाकेल एवढा फ्लेक्स. वर देवी. मधे कल्पिता, नावापुढे ‘डॉ.’ लावलेलं. बाजूला मी, केस सोडलेली, डोळे वर गेलेले, जत्रेतला फोटो. खाली काळे चष्मे लावलेले शुभेच्छुक. आणि मजकूर काय, तर आपल्या गावदेवीचा साक्षात्कार विद्यापीठात सिद्ध करणारी बाळकुमची कन्या.

कल्पिता रिक्षातून उतरली ती नाक्यावरच खाली बसली म्हणे. घरी येऊन बापाला म्हणाली, बाबा, मी काही सिद्ध केलेलं नाही, सिद्ध करायचंच नाही हा तर माझा विषय आहे. प्रफुल्ल म्हणाला, अगं पण भावना बघ ना. आणि डॉक्टर तू होशीलच, आधी लावलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं, की दोन दिवसांत देवळाचं मंडळ घरी आलं. अण्णा अध्यक्ष, सोबत चार जण. म्हणाले, ताईंचा सत्कार करायचा ठरलंय, येत्या रविवारी संध्याकाळी देवळात. आणि आजीवर जे लिहिलंय ते ताईंनी स्वतः वाचून दाखवायचं, सगळं गाव येणार आहे. प्रफुल्लने माझ्याआधी हो म्हणून टाकलं.

मंडळ गेलं आणि कल्पिताने त्याला ते पान वाचायला दिलं. वाचता वाचता त्याचा रंग गेला. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं, दहावीचा निकाल लपवलेल्या पोराकडे बघावं तसं. मी म्हटलं, काय बघतोस, आई आहे तुझी.

मग घरात जे सुरू झालं ते रविवारपर्यंत थांबलं नाही. प्रफुल्लचं म्हणणं, हे वाचलं तर आईचा मान गेला. लोक म्हणणार, म्हातारी शुद्धीत असते, इतकी वर्षं गावाला फसवलं. आणि गावात भीमाबाई आहे. ही भीमाबाई माझ्याच वयाची, एका मांडवात आमची लग्नं लागली. दोन वर्षांपासून तिच्या सुनेच्या, योगिनीच्या, अंगात वारं येऊ लागलंय, आणि भीमाबाईला पहिली ओटी तिच्या घरात हवी आहे. ती या पानाची वाटच बघत असणार. प्रफुल्ल कल्पिताला म्हणाला, दुसरं काही वाच, देवीचा इतिहास वाच. ती म्हणाली, त्यात इतिहास नाही. तो म्हणाला, मग घाल.

शेवटी ती माझ्याकडे आली. मी गॅलरीत सुकट निवडत होते.

"आजी, प्रबंध अजून माझ्याच हातात आहे. मी ते पान काढते. रविवारी धड काहीतरी बोलेन आणि खाली बसेन. तू म्हणशील तसं."

"आणि पान काढलंस तर उरलेलं?"

"उरलेलं राहील तसंच. बाकीच्यांचे असतात तसा एक प्रबंध होईल. पास होईन."

खरं सांगते, मला राग आला. ओझं माझ्या डोक्यावर ठेवून वर नम्रपणे विचारते म्हणून आला. मला माझा मान प्रिय आहे. देवळात शिरल्यावर बायका बाजूला होतात, ते मला आवडतं, आणि ते आवडत नाही असं म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. पान निघालं तर हे सगळं राहणार. राहिलं तर जाणार. पण माझी नात बाकीच्यांसारखं काहीतरी लिहून पास होणार, तेही माझ्यामुळे, हे माझ्या घशाखाली उतरेना. दुसऱ्याच्या नातीला मी खुशाल होऊ दिलं असतं. आणि आणखी एक होतं. इतक्या लोकांनी माझा फोटो काढला, पाया पडले, नक्कल केली. मला बरोबर लिहिलं फक्त तिने. ते पान खोडायचं म्हणजे मलाच खोडायचं.

"वाच," मी म्हटलं.

"काय वाचू?"

"लिहिलंयस ते. आणि मोठ्याने वाच. भीमी कानाने कमी आहे."

रविवारी देवळात उभं राहायला जागा नव्हती. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं तलावाच्या कठड्यावर. कल्पिताला शाल घातली, नारळ दिला. अण्णांनी भाषण केलं, त्यात विज्ञान आलं, श्रद्धा आली, ठाण्याचा विकास पण आला. प्रफुल्ल घाम पुसत होता. मग पोर उभी राहिली. साधी, बापाने घेतलेली पैठणी नेसली नाही, रोजचाच कुर्ता. आधी तिने सांगितलं की मी डॉक्टर नाही, फ्लेक्सवर चुकलंय. लोक हसले. मग म्हणाली, देवी खरी की खोटी हे माझ्या लिहिण्यात कुठेच नाही, ते शोधायला आला असाल तर आधीच सांगते. अंगात आलेल्या बाईला आतून काय कळतं, तेवढंच मी लिहिलं आहे. आणि वाचायला लागली.

तिचा आवाज कापत नव्हता. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, या पोरीला मी मांडीवर घेऊन भात भरवलाय. फरशी आली, ढोल आला, हात आले, बटण आलं. बटणापाशी कोणीतरी खुदकन हसलं. मग तिने वाचलं, "त्या क्षणी ती नाहीशी होत नाही. ती मागे सरते, आणि जे घडतं त्याची ती पहिली ऐकणारी असते. आपल्याच तोंडचे शब्द तिला इतरांइतकेच नवे असतात."

बायकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

भीमाबाई उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला नाही. "म्हंजे सगुणे, तुला सगलं ठाव असतं?"

मी पण उठले. "असतं."

मागे पुरुषांत कुजबुज सुरू झाली. अण्णा म्हणाले, शांत बसा. भीमाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मग माझ्या पोराला कलव्याची पोरगी करू नको म्हणून सांगितलंस, ते आईने सांगितलं का तू?"

"मी ऐकत होते, एवढं मला ठाऊक आहे. आई नव्हती असं मी म्हटलं का?"

"एका अंगात दोघी कशा गो राहतील?"

"तू आणि तुझी सून एका घरात राहता की."

हसू आलं लोकांना, पण भीमाबाईला नाही. ती तडकली. माझ्या सुनेचं नाव घेऊ नको, म्हणाली, तिला खरं वारं येतं. ती पडली की तिला जगाचं भान नसतं, उठल्यावर स्वतःचं नाव सांगता येत नाही. आणि मागे वळून तिने सुनेला उभं केलं. योगिनी बायकांमध्ये बसली होती, मान खाली. बारीक अंगाची पोर, दोन वर्षांत आणखी वाळलेली. भीमाबाई म्हणाली, सांग सगल्यांना, काय ठाव असतं का तुला?

योगिनीने माझ्याकडे बघितलं, मग कल्पिताकडे. हातात पदराचं टोक पिळत होती. इतका वेळ गेला की अण्णा माईक घ्यायला हात पुढे करू लागले.

"असतं," योगिनी म्हणाली.

एवढंच. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण तिच्याशी माझं भांडण जुनं आहे. पण त्या पोरीकडे बघून मला दुसरंच दिसलं. दोन वर्षं ही एकटी मनात म्हणत असणार, मला तर सगळं कळतंय, म्हणजे मी खोटी आहे, देवीसमोर खोटी आहे. अन्न कसं जाणार पोटात? मला निदान माझा तोरा होता सोबतीला.

कल्पिता स्टेजवरून उतरली. नारळ तिथेच ठेवला. योगिनीच्या शेजारी जाऊन फरशीवर बसली आणि हळू आवाजात तिच्याशी बोलू लागली, आणि ती पोर मान हलवत, डोळे पुसत सांगू लागली. आम्हाला कोणाला काही ऐकू आलं नाही. सत्कार तसाच अर्धवट मोडला. भीमाबाई घरी चल म्हणाली तरी योगिनी उठली नाही.

प्रबंध युनिवर्सिटीत गेला, पान त्यात जागच्या जागी. तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. त्यांनी कल्पिताला विचारलं म्हणे, की तुमची साक्षीदार तुमचीच आजी, ती खरं सांगते हे कशावरून? कल्पिता म्हणाली, हे सांगण्यात तिचा फायदा काहीच नव्हता, तोटा मात्र झाला आहे, मी डोळ्यांनी पाहिला आहे. ते गृहस्थ पुढच्या प्रश्नाकडे गेले. वर्गात तिचा पहिला नंबर आला. हे मी अख्ख्या बाळकुमाला सांगितलं, कोलशेतलाही फोन करून सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांना थांबवून सांगितलं.

तोटा म्हणजे काय, तर त्या परीक्षेच्या आधीच, जत्रा तोंडावर आली तेव्हा, अण्णा आले. चहा प्यायले, बशी पुसली, आणि म्हणाले, आजी, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण यंदा पहिली ओटी मंडळाच्या महिला मिळून भरणार असं ठरलंय. प्रफुल्ल भांडायला उठला. मी त्याला बसवलं. अण्णांना म्हटलं, भरा. आईला सगळ्यांच्या ओट्या चालतात. मान न्या, कप तेवढा ठेवून जा.

ते गेल्यावर मी आत जाऊन बसले. रडले का, तर हो, थोडं रडले. शेवंतीबाईंच्याही आधीपासून चालत आलेली गोष्ट माझ्यापाशी येऊन तुटली, त्याला रडायचं नाही तर कशाला? कल्पिता दारात उभी राहिली. सॉरी म्हणायला तोंड उघडलंन, मी म्हटलं, एक शब्द बोललीस तर बघ.

जत्रेला मी गेले. हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून गेले. पुढे कोणी बोलावलं नाही, मी रांगेत उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या बायका वळून वळून बघत होत्या. एका बाजूला कल्पिता, दुसऱ्या बाजूला योगिनी, ती सासूला सोडून आमच्या रांगेत आली होती. मंडळाच्या महिलांनी ओटी भरली, फोटो काढले. पालखी उठली. ढोल वाजायला लागला.

मी मनाशी म्हटलं होतं, आता येणार नाही. इतकं बोलून, लिहून, वाचून झाल्यावर कुठली आई येते? पण ती मंडळाला विचारून येत नाही आणि युनिवर्सिटीलाही नाही. ढोल कानातून निघाला आणि खाली उतरला. केस सुटले. रांग फाटली, लोक बाजूला झाले. लिंबू घेऊन पुढे आलेले मोजकेच होते, नाही म्हणत नाही. तरी जे आले त्यांना आईने सांगायचं ते सांगितलं, मी मागून ऐकलं. आणि मागून मला कल्पिता दिसत होती. तिने हात जोडले नव्हते. फोन काढला नव्हता. ती नुसती बघत होती, डोळे मिटू न देता, आणि तिच्या बघण्यात देवीही नव्हती, सोंगही नव्हतं. मी होते.

वारं उतरलं. योगिनीने मला धरून पायरीवर बसवलं, कोणीतरी पाणी आणलं. बायका जमल्या, रीत म्हणून एकीने विचारलं, बाय, कुठं होतीस? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. भीमाबाई पण होती, मागे, खांबाला टेकून. कल्पिताने माझे ओले केस मुठीत घेऊन मानेवरून वर केले.

"इथेच होते," मी म्हटलं. "या, बसा. काय काय होतं ते सांगते."

आधी कोणी हललं नाही. मग योगिनी बसली. मग आणखी एक जण बसली, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.